कोमट

सापाला आंघोळ घालतात म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग हळूच पाय वर घेऊन बसतात. आंघोळमावशीला दोन्हींची सवय झाली होती. हसणाऱ्याला ती हसू द्यायची आणि पाय वर घेणाऱ्याला सांगायची, "अहो, तुमच्याकडे बघायला त्याला सवड नाही. त्याचं पोट साफ झालेलं नाही, तो त्याच्याच विवंचनेत आहे."

हे ती थट्टेनं म्हणायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. साप पाळणाऱ्याची निम्मी काळजी त्यानं खाल्लं की नाही याची असते आणि उरलेली निम्मी, खाल्लेलं बाहेर टाकलं की नाही याची. कुत्रं दाराशी जाऊन उभं राहतं. मांजर आपलं आपण उरकतं आणि वर माती ढकलून मोकळं होतं. साप काहीच सांगत नाही. उंदीर गिळतो, गोल होऊन पडतो, आणि आत काय चाललंय ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग कधीतरी पेटीच्या कोपऱ्यात काळपट लेंडी आणि शेजारी खडूच्या तुकड्यासारखा पांढरा खडा दिसला, की त्या घरात आनंदीआनंद. तो खडा म्हणजे त्याची लघवी. सापाची लघवी घट्ट होऊन अशी पडते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशीलाही ती लोणकढी थाप वाटली होती.

आंघोळमावशी हे नाव मात्र सापांमुळे पडलेलं नव्हतं. उभा जन्म तिनं एका इस्पितळात आया म्हणून काढला होता, बायकांच्या वॉर्डात. ज्यांना उठता येत नाही त्यांना अंथरुणातच पुसून काढायचं, भांडं द्यायचं, भांडं न्यायचं, कूस बदलायची. हे काम करणारीला नर्सही फार मोजत नाहीत आणि रोगी बरा झाला की ओळखही दाखवत नाही. मावशीचं तसं नव्हतं. पोटाच्या ऑपरेशननंतर लाजेनं गुपचूप पडून राहिलेल्या बाईला शेजारची म्हणायची, "थांब गं, सकाळी आंघोळमावशी येईल. तिच्या हाताला जादू आहे."

जादू कसली? बादलीत हात घालायचा, एकदा ढवळायचा आणि म्हणायचं, "झालं." एवढंच. पण त्या "झालं" नंतर पाणी अंगाला लागलं आणि कुणी दचकलं, असं कधी झालं नाही. खालच्या मजल्यावरच्या दाया तान्ह्या बाळांचं पाणी तिला दाखवून न्यायच्या. एका नव्या नर्सनं पाण्यात घालायचं थर्मामीटर आणलं, तेव्हा मावशी म्हणाली होती, "ठेव बाई तिथं. ज्यांना हात नाहीत त्यांच्या उपयोगी पडेल." वॉर्ड हसला होता. माणसाला असा एखादा गर्व असला तर काय बिघडलं? बाकीचं आयुष्य भांडी धुण्यात गेलेल्या बाईला तर तो असावाच.

त्याच वॉर्डात एकदा घड्याळजींची बायको आली होती, पित्ताशयाचे खडे काढायला. घड्याळजी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर खुर्ची बाहेर काढावी लागायची. त्यांची बायको बडबडी, मोठ्यानं हसणारी. घरी तिनं एक साप पाळला होता. अजगराच्या जातीतला, पण ठेंगणा, मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी-पिवळे डाग. नाव ढब्बी. घरी गेल्यावर काही दिवसांनी ती बाई मावशीला शोधत घरी आली. तिला बहिणीकडे जायचं होतं, आणि नवऱ्याचा ढब्बीला हात लावायला साफ नकार होता.

"तुम्ही माणसांना घालता, तशीच हिला घाला," ती म्हणाली. "मी तुमचे हात बघितलेत. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

मावशीची सून तेव्हा स्वयंपाकघरातून जी बाहेर निघाली ती सरळ माहेरीच जायची बाकी होती. "आई, आपल्या घरात साप?"

"अगं, चार दिवस. आणि तो चावरा नाही."

"चावरा नसला तरी साप आहे ना!"

ढब्बी घरी परतली, पण चार दिवसांची चार वर्षं झाली. ढब्बीपाठोपाठ घड्याळजींच्या बायकोच्या ओळखीतले आणखी साप आले. कुणी गावाला जाताना सोडायचं, कुणी साप महिनाभर कोपऱ्यात गेला नाही म्हणून रडकुंडीला येऊन आणायचं. मागच्या छोट्या खोलीत फळ्यांवर पेट्या लागल्या. न्हाणीघरात दोन पसरट टब आले, त्यांवर लाल रंगानं खूण केलेली. ते फक्त सापांचे. मावशीचे नियम कडक होते. खाल्ल्यावर लगेच आंघोळ नाही, नाहीतर गिळलेलं उलटून पडतं. साबण नाही. पाणी कोमट, आणि बुडण्याइतकं नव्हे, पोट भिजून पाठ वर राहील एवढंच. कात टाकायला आलेल्याला घाई करायची नाही. टब दर वेळी घासून औषधानं धुवायचा आणि मग स्वतःचे हात कोपरापर्यंत. सून दाराशी उभी राहून बघायची. पुढं ती पेट्यांतले कागद बदलू लागली, आणि एके दिवशी मावशीनं तिला फोनवर मैत्रिणीशी बोलताना ऐकलं, "अगं, आमचं एक पिल्लू आज व्यवस्थित झालं!" मावशी तोंडाला पदर लावून हसली.

सापाला पाण्यात ठेवलं की बहुतेकदा पोट सुटतं. ऊब मिळते, अंग सैल पडतं. आधी तो टबात संथ फेऱ्या मारतो, मग जरा अस्वस्थ होतो, शेपूट वर उचलतो. मावशी शेजारी पाटावर बसून असायची. वॉर्डातल्या बायकांशी बोलायची तशीच सापाशी बोलायची. "होईल हो, घाई नाही. मी कुठं जात नाहीये."

मग घड्याळजींची बायको गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मावशी भेटायला गेली तेव्हा घड्याळजी खुर्चीत बसले होते आणि पायाशी ढब्बीची पेटी होती. तिला हात न लावणारा तो माणूस. म्हणाले, "हिला खायला कसं घालायचं ते मला दाखवता का?" मावशीनं दाखवलं. चिमट्यात उंदीर धरून त्यांनी हात होता तेवढा लांब केला, पण डोळे मिटले नाहीत.

वर्षभर त्यांनी तिला सांभाळली. दुकान बंद केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, घड्याळाच्या चाकाचे दाते दिसेनासे झाले होते. जेवायला स्वतःपुरतं काहीतरी करायचे, नाहीतर तेही नाही. पण ढब्बीचा दिवस चुकला नाही. लोक म्हणायचे, बायकोच्या दुःखानं म्हाताऱ्याला वेड लागलंय. मावशीला ते वेड कळत होतं. ज्या घरात आपली वाट बघणारं कुणी नाही, त्या घराचं कुलूप उघडताना माणसाचा हात जड होतो. घड्याळजींना घरी परतायला एकच कारण उरलं होतं आणि ते एका पेटीत गोल होऊन पडलेलं होतं.

डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ते ढब्बीला टोपलीत घालून घेऊन आले. मधुमेह आणि छातीचं दुखणं असल्यामुळे डॉक्टर त्यांना काही दिवस ठेवून घेणार होते.

"एक आहे मावशी," दारातून निघता निघता ते म्हणाले. "बरेच दिवस झाली नाही ती. मला दिसत नसेल म्हणून हातानं चाचपून बघितलं, कागद कोरडाच. पोट टणक लागतंय. काही झालं तर..."

"काही होत नाही. माझ्या हातात दिलीत ना? जा तुम्ही निवांत."

ढब्बीचं पोट खरंच टणक होतं. शेपटीच्या अलीकडे फुगवटा आला होता. मावशीनं दुसऱ्याच दिवशी तिला पाण्यात ठेवलं. काही नाही. एक दिवस सोडून पुन्हा ठेवलं. नाही. संध्याकाळी इस्पितळातून घड्याळजींचा फोन यायचा. स्वतःच्या डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. पहिला प्रश्न, "झाली का?"

"होईल आज-उद्या."

"बरं." आणि फोन ठेवायचे. त्या "बरं"नं मावशीच्या जिवाला घोर लागायचा. शेवटी तिनं ठरवलं, उद्या नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायची. नाहीच झाली, तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायची.

त्या दिवशी थंडी होती. सून कामावर गेली होती, मुलगा तर परगावीच असायचा. मावशीनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं, ढब्बीला टबात सोडलं आणि पाटावर बसली. बराच वेळ गेला. तिनं पाण्यात हात घातला. गार वाटलं. ढब्बीला उचलून मांडीवर घेतलं, किटलीतलं गरम पाणी ओतलं, ढवळलं. अजून गारच. आणखी ओतलं. पुन्हा हात घातला, सवयीनं म्हणाली, "झालं," आणि ढब्बीला पाण्यात ठेवलं.

ढब्बी एकदम हलली. कधी नव्हे ती सगळ्या अंगानं वळवळली, डोकं टबाच्या काठावर टाकून वर चढू लागली. मावशी हरखून पाटावरून पुढं सरकली. आली, कळ आली! "जरा दम धर, माझी बाय. जरा दम धर. आता होतंय बघ." तिनं ढब्बीला हळूच धरून पाण्यात लोटलं. ढब्बी पुन्हा वर आली. मावशीनं पुन्हा लोटलं. वॉर्डात किती बायका अशाच कळ आल्यावर उठून पळू बघायच्या, आणि मावशी खांदे दाबून धरायची. मग शेपूट उचललं गेलं आणि पाणी काळं झालं. लेंड्या पडल्या, मागून पांढरे खडे, एकावर एक, इतके दिवस साठलेले सगळे.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ढब्बीला फडक्यात गुंडाळून कोरडं केलं, पेटीत ठेवलं, आणि टब धुवायच्याही आधी फोन लावला.

"घड्याळजी, झाली! सगळं मोकळं झालं बघा पोट."

पलीकडे खाट करकरली. मग हसण्याचा आवाज आला. बायको गेल्यापासून घड्याळजींना हसताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

दोन दिवस ढब्बी पेटीत पडून होती. मोकळी झाली, दमली असेल, म्हणून मावशीनं तिला हलवली नाही. तिसऱ्या दिवशी कागद बदलायला सुनेनं तिला उचललं आणि ती तशीच थांबली. "आई, हे बघा जरा."

पोटाचे पांढरे खवले गुलाबी झाले होते. मध्ये मध्ये पाण्याचे फोड. एका जागी खवल्यांची कड सुटून आतलं ओलं मांस दिसत होतं.

जनावरांचा डॉक्टर जवळच होता. तरुण, कमी बोलणारा. त्यानं ढब्बीला उलटं धरून दिव्याखाली नीट बघितलं. "भाजलंय," तो म्हणाला. "दिव्याखाली ठेवता का पेटी? खाली गरम पट्टी वगैरे?"

"नाही."

"मग आंघोळीचं पाणी. किती गरम होतं?"

"कोमट," मावशी म्हणाली. तिला रागच आला. "मी आयुष्यभर हेच केलंय, डॉक्टर. पाणी मला कळतं."

डॉक्टरनं वाद घातला नाही. त्यानं ढब्बीला मलम लावलं, कागद अंथरलेल्या पेटीत ठेवलं. मग त्याचं लक्ष मावशीच्या हातांकडे गेलं. उजव्या तर्जनीवर एक काळा डाग होता. "हे कशानं?"

मावशीनं बोट डोळ्यांजवळ नेलं. तिलाही ठाऊक नव्हतं. तव्यानं असेल.

"साखर आहे का तुम्हाला?"

"आहे थोडी. या वयात असायचीच."

डॉक्टरनं दोन वाडगी भरून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "हात घालून सांगा, यातलं कोमट कुठलं?" मावशीनं एकात हात घातला, मग दुसऱ्यात. परत पहिल्यात. दोन्ही सारखीच. ती सुनेकडे बघून हसली, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. सुनेनं उजवीकडच्या वाडग्यात बोट घातलं आणि झटक्यात मागं घेतलं.

तो डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, साखरेनं हातापायांची जाणीव जाते, अनेकांची जाते, हळूहळू जाते, आणि ज्याची जाते त्याला कळत नाही, कारण कळायचं साधनच गेलेलं असतं. तुमच्या डॉक्टरांना दाखवा, औषध आहे. ढब्बीचं विचारलं, तेव्हा मात्र त्यानं पुन्हा एकदा तिचं पोट न्याहाळलं. "जगेल असं वाटतंय. पण आत्ताच शब्द देत नाही."

दोघी ढब्बीची पेटी घेऊन घरी आल्या. चपला काढताना तिला आठवलं, गेल्या महिन्यात एक चप्पल रस्त्यातच पायातून निघून गेली होती आणि तिला पत्ताही न लागता ती तशीच घरापर्यंत चालत आली होती. तेव्हा केवढे हसलो होतो सगळे! मागच्या खोलीत आणखी एक साप होता. त्याच्या मालकाला तिनं फोन करून सांगितलं, आजच घेऊन जा, मला जमणार नाही. मग ती न्हाणीघरात गेली आणि पाटावर बसून राहिली. ढब्बी वर येत होती. दोनदा वर आली होती. दोन्ही वेळा आपण याच हातांनी तिला आत लोटली, आणि वर तिचं कौतुक करत होतो. साप ओरडत नाही. ओरडला असता तर? मावशी हुंदके देऊन रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

घड्याळजी परवा सुटणार होते. सुनेनं जेवताना विषय काढला.

"आई, त्यांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हणजे? झालं ते सांगायचं."

"सगळं? अहो, त्यांची छाती दुखते. आधीच अर्धा जीव त्या ढब्बीत. आणि तुमच्यावर त्यांचा केवढा विश्वास! काही सांगू नका. त्वचेचं काहीतरी झालंय, औषध चालू आहे, एवढं पुरे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी असती तर झाकली असती."

"आणि कळल्यावर ते परत तोंड बघणार नाहीत तुमचं, मग?"

मावशीनं ताटं उचलली. सून काही वाईट सांगत नव्हती. सासूची इभ्रत सांभाळायची म्हणून सांगत होती, आणि त्यात मायाच होती. तोंड न बघण्याचीच तर मावशीला धास्ती होती. घड्याळजींच्या बायकोनं हात बघून विश्वास टाकला होता. तो गेला की आंघोळमावशी या नावात उरतं काय? रात्रभर तिनं मनातल्या मनात वाक्यं जुळवली. एकही धड जुळलं नाही.

घड्याळजी संध्याकाळी आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर काळा चष्मा. दुसरा अजून बाकी होता. केस नीट विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठं आहे?"

सुनेनं पेटी आणून टेबलावर ठेवली. मावशीनं ढब्बीला उचलून तिचं पोट दाखवलं. घड्याळजींनी चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून आपलं जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खूप वेळ बघितलं, एकेक खवला तपासल्यासारखा. मावशीनं तोंड उघडलं. पण ते आधी बोलले.

"ही माझी करणी."

सुनेनं मावशीकडे बघितलं.

"ओल्यात, घाणीत पडून राहिलं की सापाचं पोट सडतं, ती सांगायची मला," घड्याळजी म्हणाले. "ती रोज कागद बदलायची. मला कोपरा दिसायचाच नाही हो, सगळं धुरकट. हातानं चाचपायचो. हाताला कोरडं लागलं की म्हणायचो, ठीक आहे. कुठंतरी ओलं राहिलं असणार. तिनं एवढी वर्षं तळहातावर जपली आणि मी एका वर्षात ही दशा केली." त्यांनी ढब्बीच्या पाठीवर हात ठेवला. "तिला मी काय तोंड दाखवू?"

आता मावशीनं फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. सुनेच्या डोळ्यांत सरळ विनवणी होती. आणि समोर तो म्हातारा दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन बसला होता, तेही मेलेल्या बायकोसमोर.

"घड्याळजी," मावशी म्हणाली, "तुमचा यात काही दोष नाही. मी भाजली तिला."

त्यांना ते कळलंच नाही. "काय?"

"आंघोळीच्या पाण्यात. पाणी गरम होतं. माझ्या हातांना आता गरम-गार कळत नाही. मला ते ठाऊक नव्हतं, पण भाजली मीच."

घड्याळजींनी भिंग खाली घेतलं. "साप ओरडत नाहीत ना?"

"नाही."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"मला कळलं नाही, तेच सांगतेय. मी तुम्हाला फोन केला ना, झाली म्हणून? तेव्हाच. ती भाजत होती म्हणून बाहेर येत होती. मला वाटलं, कळ आलीय. मी धरून आत लोटली. दोनदा लोटली. मग तिची झाली आणि मला आनंद झाला."

घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं. "तुमच्या त्या फोननंतर," ते हळू म्हणाले, "मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला उठवून सांगितलं. अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मावशीला वाटलं, याहून त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"माफ करा म्हणायची माझी लायकी नाही," ती म्हणाली.

"नका म्हणू. मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही, मावशी. मी चिडलोय. किती चिडलोय ते मलाच कळत नाहीये. मी हिला घरी नेतो."

मावशीनं ढब्बीला टोपलीत ठेवलं नाही. ते तिनं सुनेला करायला सांगितलं. मलमाची नळी दिली. दिवसातून दोनदा लावायचं, कागद रोज बदलायचा, डॉक्टर सांगत नाहीत तोवर पाण्यात ठेवायचं नाही. घड्याळजी अनोळखी माणसाचं ऐकावं तसं ऐकत होते. "मलम मी लावीन," एवढंच म्हणाले. "माझी बोटं अजून शाबूत आहेत." हे त्यांनी टोचून म्हटलं की सहज, कोण जाणे. मावशीला ते लागायचं तिथं लागलं.

ते निघाले. मावशीनं दार लोटलं आणि तिथंच उभी राहिली. सून काहीतरी म्हणत होती, तिला ऐकू येत नव्हतं. जिन्यावर घड्याळजींची पावलं वाजत होती. एक, मग थांबून दुसरं. जिन्यातला दिवा कित्येक दिवसांपासून बंद होता आणि बाहेर संध्याकाळ उतरली होती. पावलं मधल्या वळणावर थांबली. पुढं वाजेनात.

मावशी बाहेर आली. घड्याळजी वळणावर उभे होते, टोपली छातीशी धरलेली, एक पाय पुढच्या पायरीचा अंदाज घेत हवेतच. त्या बाजूला कठडा तुटलेला होता. ती आल्याचं त्यांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही.

"पायरी दिसत नाही," ते म्हणाले.

ती दोन पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी गेली. टोपली घ्यायला तिनं हात पुढं केले नाहीत. तेवढी हिंमत तिला झाली नाही. घड्याळजींनी हवेतला पाय मागं घेतला. मग त्यांनी टोपली दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळा हात तिच्या बाजूला केला.

"चला," ते म्हणाले.

मावशीनं आपला हात त्यांच्या हातात दिला. दोघं उतरू लागले. त्यांनी हात घट्ट धरलाय की नुसता टेकवलाय, तिच्या बोटांना काहीच कळत नव्हतं. म्हणून ती प्रत्येक पायरीवर अंधारात मान खाली घालून बघत होती, त्यांनी सोडला तर नाही ना. त्यांनी सोडला नव्हता.